एकच घंगाळ: तीन महिन्यांच्या नोंदी

५ जुलै, शनिवार

ठरवलेलं आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे पळवाट काढता येणार नाही. दसऱ्यापर्यंत एकच वस्तू काढायची: आमच्या ओसरीवरचं तांब्याचं घंगाळ. आधी पेन्सिल, मग कोळसा, शेवटी जलरंग. रोज सकाळी पावणेसात ते साडेसात, डबे भरायच्या आधी. रविवारी जास्त वेळ.

एकच वस्तू का, तर गेलं वर्षभर मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून फूल, मोर, डोळा, समुद्रकिनारा असं सगळं काढलं. प्रत्येक चित्र त्या व्हिडिओपुरतं जमलं. व्हिडिओ बंद केला की समोरचा चहाचा कप काढता येईना. मामांना चोपडी दाखवली. मामा इथेच, बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकले, पुढे शाळेत चित्रकला शिकवली, आता मांजलपूरला असतात. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि म्हणाले, "ह्यात तू स्वतः बघितलेलं काय आहे?" मला सांगता आलं नाही.

सामान: २बी, ४बी, ६बी पेन्सिली, कार्ट्रिज कागदाची चोपडी, मऊ खोडरबर. रावपुऱ्यातून आणलं. रंगांकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिलं चित्र आजच काढलं. तोंडाचा लंबगोल दोन्ही टोकांना लिंबासारखा टोकदार आलाय आणि बूड सरळ रेघ. तारीख घालून ठेवून दिलंय.

८ जुलै, मंगळवार

लंबगोल. मामांनी फोनवर एक प्रयोग सांगितला, तो जेवणाच्या थाळीवर केला. थाळी आडवी धरून बरोबर डोळ्यांच्या पातळीला आणली, की गोल नाहीसा होतो, नुसती कड दिसते. हळूहळू खाली नेली की तो उघडत जातो. जितकी खाली, तितका फुगीर. अगदी पायाशी नेली की जवळजवळ पूर्ण गोल.

म्हणजे घंगाळाच्या तोंडापेक्षा त्याची बैठक जास्त गोलाईची दिसायला हवी, कारण ती डोळ्यांपासून अधिक खाली आहे. मी तर बूड सरळ काढलं होतं. जमीन सपाट, भांडं जमिनीवर टेकलेलं, म्हणून रेघही सपाट, असा हिशेब डोक्यात आधीच झालेला होता. समोर काय दिसतंय ते विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट टोकांची. लंबगोलाला टोक नसतंच. कितीही चपटा असला तरी कडेला तो वळतो, दुमडत नाही. जुन्या गुजराती वर्तमानपत्रावर खांद्यातून हात फिरवून चाळीस लंबगोल काढले. मनगट टेकवलं की वाकडे, हात मोकळा सोडला की बरे. खांदा भरून आला.

१३ जुलै, रविवार

मोजमाप. हात सरळ ताठ, कोपर न वाकवता, एक डोळा मिटून, पेन्सिलीचं टोक घंगाळाच्या काठाला आणि अंगठ्याचं नख बुडाला. तेवढी उंची पकडून ठेवायची आणि पेन्सिल आडवी करून रुंदीत ती किती वेळा बसते ते बघायचं. कोपर जराही वाकलं की माप चुकतं, कारण पेन्सिल डोळ्याजवळ येते.

उत्तर आलं: रुंदी उंचीच्या दीडपट. आठवडाभरातल्या माझ्या प्रत्येक चित्रात उंची-रुंदी जवळजवळ सारखी होती. तीन वेळा पुन्हा मोजलं, तरी दीडपटच. ह्या घंगाळात दोन बादल्या पाणी मावतं हे मला ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हा ओसरीवरच्या न्हाणीत ते रोज भरायचे. ते खोल आहे ही आठवण माझ्या हातात बसलेली होती आणि ती उंची वाढवत होती.

नवी पद्धत लिहून ठेवते. आधी फक्त चौकट, रुंदी-उंचीच्या प्रमाणात. मग उभा मध्य. मग त्या मध्यावर तीन आडव्या खुणा: तोंड, मान, बैठक. लंबगोल त्यावर. नक्षी, कड्या, डाग हे सगळ्यात शेवटी.

१९ जुलै, शनिवार

कडी चार दिवस जमत नव्हती. काठाखालून निघून बाहेर वाकणारी, त्यात अडकवलेली जाड चकती. काढली की चिकटवल्यासारखी दिसायची.

आज कडी काढलीच नाही. कडी आणि घंगाळाचं पोट ह्यांच्या मधून मागची भिंत दिसते, तेवढ्या मोकळ्या जागेचा आकार काढला. करंजी एका बाजूने दाबावी तसा आहे तो. बाहेरची मोकळी जागाही तशीच काढली. दोन्हींच्या मध्ये कडी आपोआप उभी राहिली, जाडीसकट. कडीला नाव आहे, त्यामुळे ती कशी असते हे मी ठरवून बसले होते. त्या भोकाला नाव नाही, म्हणून ते नीट बघावं लागलं.

२० जुलै, रविवार

कमाटीबागेतलं म्युझियम. घंगाळ सोडून बाहेर काढायचा पहिला दिवस. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या माशाचा. लहानपणी शाळेच्या सहलीत बघितला तेव्हा नुसतंच "केवढा!" झालं होतं.

दोन तास त्याच्या शेपटीकडे उभी राहून काढला. बरगड्या जवळच्या ते लांबच्या अशा एकामागे एक जातात. मला वाटलं होतं एक बरगडी नीट काढली की बाकीच्या तशाच लहान करत न्यायच्या. तसं मुळीच नाही. जवळचीचा बाक उघडा दिसतो, मधल्या जवळजवळ सरळ भासतात, पुढे त्यांच्यातली जागा इतकी आवळते की मोजायला मोकळी फटच काय ती उरते. एका मणक्याला माप धरलं आणि बाकी सगळं त्या मापात तोलत गेले. दोन मुलं बराच वेळ मागे उभी होती. एकानं विचारलं, "आंटी, पूरुं क्यारे थशे?" पुरं झालं नाही. पण शेपटीकडून निम्मा मासा कागदावर आहे आणि तो लांब जातोय असं दिसतं.

२७ जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस. ढगाळ उजेडात घंगाळ सपाट होतं, एकच राखाडी गोळा. उघडीप मिळाली ती फक्त दोन सकाळी, सात ते साडेसात. तेवढ्यात छटा, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या.

आधी पाच खणांची पट्टी केली. पहिला खण कोरा कागद, पाचवा ६बीने जमेल तितका काळा, मधले तीन समान अंतराने. दुसरा आणि तिसरा वेगळे दिसेनात म्हणून पाच वेळा करावी लागली. मग डोळे किलकिले करून घंगाळाकडे बघायचं. बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि उरतात दोन-तीन मोठे डाग: उजेडाचा, सावलीचा, जमिनीवरच्या पडछायेचा. ते डाग आधी भरायचे.

चूक कुठे झाली ते सविस्तर लिहिते, कारण ती समजायला मला तीन दिवस लागले. उजेड डावीकडून, दारातून येतो. उजवीकडे सावली. पण सावलीच्या अगदी उजव्या कडेला पुन्हा थोडा उजळ पट्टा दिसतो, कारण ओसरीची पांढरी फरशी उजेड परत फेकते. तो पट्टा मला फार आवडला आणि मी तो छान उजळ ठेवला. लांबून बघितलं तर भांडं गोल राहिलंच नव्हतं, दोन पत्रे जोडल्यासारखं. मामांनी फोटो बघून एवढंच विचारलं, "हा उजेड दारातून आलाय की फरशीवरून?" फरशीवरून आलेला उजेड उधारीचा. तो सावलीच्या आतच राहतो, उजेडाच्या बाजूच्या मध्यछटेपेक्षा उजळ कधी होत नाही. पट्टा एका खणाने गडद केला. भांडं वळलं.

३ ऑगस्ट, रविवार

कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक. विश्वामित्रीच्या पुलापाशी राहून मी आत पूर्वी एकदाच गेले होते, तेव्हा भिंतींकडे बघितलंसुद्धा नव्हतं. शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ ह्या काळात टप्प्याटप्प्यानं चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरा, रवींद्रनाथांच्या नाटकावरून नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध.

मी छटांच्या नादात गेले आणि तिथे छटा जवळजवळ नाहीत. पडछाया नाही, उजेड कुठून येतो ह्याचा पत्ता नाही. तरी माणसं जड आहेत, पाय जमिनीवर टेकलेले आहेत. हे सगळं रेघेनं केलंय. रेघ कुठे दाबलेली, कुठे सोडलेली, खांद्यावर जाड होऊन मनगटाशी उतरणारी. एका हाताची नक्कल करून पाहिली. माझी रेघ सगळीकडे एकाच जाडीची, हिशेबाच्या वहीत आखलेली. बावीस वर्षं तेच केलंय, हात तसा वळलाय. आठ नकला केल्यावर आठव्या हाताचं कोपर जरा वाकल्यासारखं वाटलं.

१० ऑगस्ट, रविवार

आठवडाभर डोक्यात गोंधळ होता: मग छटा शिकायची की रेघ? म्हणून आज मुद्दाम लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं बघायला गेले. १८८१ साली सयाजीरावांच्या हाती राज्यकारभार आला त्या सुमारास रविवर्मा बडोद्याला आला. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्याला पुराणकथांवरची चौदा चित्रं सांगितली, ती १८९० ला पुरी झाली. आपल्या आज्यांच्या देवघरातल्या तसबिरींमुळे ही चित्रं आपण छापील, चकचकीत अशीच ओळखतो. मूळ तैलरंग समोर बघणं फार वेगळं आहे.

मी फक्त जरीकडे बघायचं ठरवून गेले होते. चार पावलांवरून पदराची जर सोन्याची वाटते. नाकाजवळ नेलं तर सोनं नाहीच. मातकट पिवळा, तपकिरी आणि जिथे पदर उजेडाकडे वळतो तिथेच फिक्या पिवळ्याचे जाडसर ठिपके. घडीच्या आत गेलेली जर जवळजवळ काळपट. जर कुठेच रेखलेली नाही, जिच्यावर उजेड पडला तेवढीच रंगवलीय.

कीर्तिमंदिर आणि हा पॅलेस ह्यांच्यात रिक्षाने पंधरा मिनिटांचं अंतर. एका ठिकाणी कड हेच चित्र, दुसऱ्या ठिकाणी कड पुसून टाकलेली. आणि इंदूरचे ना. श्री. बेंद्रे १९५० पासून इथल्या फाइन आर्ट्समध्ये रंगचित्रकला शिकवत होते, तेव्हा दोन्ही गोष्टी त्यांच्या विद्यार्थ्यांना सायकलवर बघून येता येत होत्या. मला ह्या शहरात जन्म काढून अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ते सुचलं ह्याचं वाईट वाटतं, आणि सुचलं ह्याचा आनंदही आहे.

निर्णय: घंगाळ छटेनंच. ते काळपट आहे, सावलीच्या बाजूला त्याची कड मागच्या भिंतीत विरघळते. तिथे रेघ काढणं खोटं होईल. कडीला मात्र रेघ.

२४ ऑगस्ट, रविवार

कोळसा. पंधरा दिवसांत सात कागद. ६बी जिथे थांबते तिथून कोळसा पुढे जातो, खरा काळा देतो. सगळा कागद कोळशानं राखाडी करून घेतला, मग मऊ रबरानं उजेड उचलून काढला. पेन्सिलीच्या उलट काम. हे हाताला फार पटलं. घंगाळाचं आतलं अंधारं पोट, काठावरची एकच उजळ धार, डाव्या बाजूचा हिरवट-काळा डाग, सगळं एका बैठकीत आलं. हे चित्र मला आवडलं. चोपडीतून फाडून भिंतीला लावलंय.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. सकाळी उठून ओसरीवर आले तर घंगाळ तांबूस लखलखतंय. सासूबाईंनी पहाटे उठून चिंच-मीठ लावून घासलंय. उद्या गणपती, आमचा दीड दिवसाचा, विसर्जन घंगाळात. दर वर्षी घासतात. मी विसरले होते.

रडू आलं. सात आठवडे ज्या छटा शिकले त्या एका सकाळी गेल्या. आईंना काय बोलणार, त्यांनी तर गुडघे दुखत असताना घासलंय. त्यांनीच विचारलं, "आता काढायला आणखी छान दिसेल ना गं?" हो म्हटलं. आणि मग बसून बघितलं.

हे भांडं वेगळंच आहे. काळपट असताना उजेडाकडून सावलीकडे हळूहळू उतरत जायचं. आता उतार नाहीच. सगळ्यात उजळ पांढुरका डाग आणि सगळ्यात गडद तपकिरी पट्टा एकमेकांना लागून, मध्ये धारदार कड. दार त्यात उभं दिसतं, पण पोटाबरोबर वाकलेलं. फरशीच्या रेघा खालून वर चढून आत वळतात. एक जांभळट-करडी पट्टी हलते आहे असं वाटलं, ती माझी निळी साडी होती. तांबं निळा निळा ठेवत नाही, त्यात आपला रंग मिसळून परत देतं. गोलाई आता छटेनं कळत नाही, ती कळते ह्या वाकण्यावरून. चौकटीची सरळ बाजू जितकी वाकली तितकं पोट गोल.

२८ ऑगस्ट, गुरुवार

विसर्जन झालं. शाडूची मूर्ती, तासाभरात विरघळली. सगळे प्रसाद खाऊन पांगल्यावर मी चोपडी घेऊन बसले. पाण्याचा लंबगोल काठाच्या लंबगोलापेक्षा फुगीर, थाळीचा प्रयोग इथे पुन्हा. तळाशी मातीचा थर, आणि तळ आहे त्यापेक्षा वर आल्यासारखा दिसतो, पाण्यामुळे. पाणी निळं कुठेच नाही. मागच्या बाजूला त्यात आढ्याच्या तुळया, पुढच्या बाजूला गढूळ माती. एक झेंडूची पाकळी काठाला चिकटलेली. तीन छोटी टिपणं. सकाळी ते पाणी तुळशीला घालायचं.

६ सप्टेंबर, शनिवार

जलरंग सुरू. रंग तीनच: अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ओकर (मातकट पिवळा). काळा नाही, पांढराही नाही, पांढरा म्हणजे कागद. ८ नंबरचा गोल ब्रश. ३०० जीएसएमचा कागद, पाण्यात भिजवून पाटावर गमटेपनं ताणून घेतला.

पहिले दोन तास नुसत्या पट्ट्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून फार सुंदर राखाडी होतो. निळा जास्त घातला तर पावसाळी आभाळ, सिएना जास्त घातला तर जुनं लाकूड. घट्ट कालवला तर जवळजवळ काळा. सुकल्यावर सगळंच एक पायरी फिकं होतं, म्हणून ओलं असताना थोडं जास्तच गडद वाटायला हवं.

दमट हवेमुळे पंख्याखालीसुद्धा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, अर्धा तास सुकत नाही. मी अर्धवट ओल्यावर पाण्याचा ब्रश लावला आणि कोबीच्या पानासारखी कड फुटली. ओल्यावर ओलं चालतं, पूर्ण सुक्यावर ओलं चालतं, मधल्या ओलसरपणात हात लावायचा नाही. हाताच्या मागच्या बाजूनं कागदाला अगदी हलकं टेकून बघते. गार लागला की थांबायचं.

२१ सप्टेंबर, रविवार

तीन कागद गेले. तिन्ही मळले. कारण एकच: छटा हवी तेवढी गडद पहिल्यांदा लावायची भीती, मग वरून दुसरा हात, तिसरा, चौथा, खालचा थर उठतो आणि चिखल. उद्यापासून नवरात्र, रात्री गरबा, सकाळची बैठक जमेल असं वाटत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

नऊ दिवसांत दोनदाच बसले. त्यात एक काम झालं: फोनवर घंगाळाचा फोटो काळा-पांढरा करून त्याच्या छटांची छोटी आकृती केली, काडेपेटीएवढी, तीनच छटा. कुठे कागद सोडायचा ते त्यात आधीच ठरलं.

५ ऑक्टोबर, रविवार

अर्धा इम्पिरियल कागद, १५ बाय २२ इंच. दसरा तीन दिवसांपूर्वीच झाला, तेवढा उशीर.

क्रम: पेन्सिलीची हलकी चौकट, मध्य, तीन लंबगोल. मग ओकर आणि थोडा सिएना, सगळ्या पोटावर एकच वॉश, दाराचा डाग आणि काठाची धार कोरी सोडून. चाळीस मिनिटं थांबले, तेवढ्यात वरण-भात लावला. मग सिएना घट्ट, उजवा पट्टा एका दमात, पुन्हा हात न लावता. शेवटी अल्ट्रामरीन-सिएना, आतला अंधार आणि पडछाया. पडछाया बैठकीजवळ गडद आणि धारदार, लांब जाताना फिकी आणि मऊ. साडीचा जांभळट पट्टा ओल्यातच सोडला आणि तो स्वतःच पसरून जागेवर बसला.

संध्याकाळी मामा आले. चित्र आधी उलटं धरून बघितलं, मग आरशात. बराच वेळ काही बोलले नाहीत. दाराचं प्रतिबिंब बोटानं दाखवून "हे बघितलंयस" म्हणाले. मग बोट खाली आलं, बैठकीवर.

बैठकीचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा चपटा आलाय. जुलैच्या पहिल्या पानाइतका सरळ नाही, पण चपटाच. पडछायेत गडद रंग भरताना माझा हात तिथे जमिनीबरोबर सपाट गेला. आणि काठाला जाडी आहे ती समोरच्या बाजूला दाखवलीय, मागच्या बाजूला विसरलेय.

आई चहा घेऊन आल्या, चित्र बघून म्हणाल्या, "कडी अगदी आपलीच." डाव्या कडीच्या चकतीला एक पोचा आहे, तो चित्रात आलाय. मी तो मुद्दाम काढला नव्हता.

दुसरा कागद भिजवून पाटावर ताणलाय. सकाळपर्यंत सुकेल. चौकट तीच, बैठक आधी.